मदत हवी आहे : आईला पहिल्यांदाच बोधगयेला न्यायचंय

नमो बुद्धाय, जय भीम!

येत्या हिवाळ्यात आईला बोधगयेला न्यायचं ठरवलंय. आम्ही जळगावच्या, दोघीच जाणार. बिहारकडे आमच्या घरातलं कुणीच गेलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

आईचं वय सत्तरीकडे झुकलंय. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, पण गुडघ्यांमुळे पायऱ्यांवर हात धरावा लागतो. आमच्या विहारातली रविवारची वंदना ती चुकवत नाही. 'वंदामि चेतियं सब्बं' या गाथेत महाबोधीचं नाव येतं. ते तिने जन्मभर घेतलं, पण ती जागा काही अजून पाहिलेली नाही. तिचे वडील १९५६ साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते. बोधगयेला जायचं त्यांच्या मनात होतं, ते राहूनच गेलं. त्यामुळे हा प्रवास नीट व्हावा असं मला फार वाटतं.

इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यांची सहल आहे: बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, सगळं एका फेरीत. त्यात बोधगयेला जेमतेम अर्धा दिवस मिळतो. त्यांच्यासोबत जावं की आपलं आपण जावं? गाडी कोणती बरी, महिना कोणता? आत किती वेळ बसू देतात? आईला तिथे बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचंय, मोठ्याने म्हटलेलं चालतं का? फुलं, मेणबत्त्या इथून न्याव्यात का? आणि व्यवस्थापनावरून आंदोलन सुरू असल्याचं ऐकलं, त्यामुळे दर्शनाला अडचण येते का?

प्रतिसाद

जय भीम ताई. सहल नको, आपलं आपण जा. सहलीवाले वाईट असतात म्हणून नाही. पण अर्ध्या दिवसात रांग, दर्शन, फोटो आणि खरेदी एवढंच उरकतं. तुमच्या आईंना तिथे बसायचंय, आणि बोधगयेला जाऊन करायचं तेच आहे.

भगवान बुद्धांनी संबोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, सात आठवडे त्याच परिसरात घालवले. त्या प्रत्येक आठवड्याची जागा आवारात फलक लावून दाखवली आहे. पहिला आठवडा बोधिवृक्षाखाली. दुसऱ्यात ते झाडाकडे डोळे न मिटता बघत राहिले, तिथे अनिमेषलोचन चैत्य आहे. मग चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालत ध्यान केल्याची जागा. तिथे महाबोधी महाविहाराच्या भिंतीलगत दगडी कमळांची ओळ दिसेल. ही सगळी ठिकाणं वाचत, एकेका जागी टेकत फिरलात तर एक सकाळ कशी गेली कळणार नाही. गर्भगृह छोटं आहे. भूमिस्पर्श मुद्रेतली सोनेरी मुलामा दिलेली मूर्ती पाल राजांच्या काळातली. रांगेमुळे तिथे फार थांबता येत नाही. म्हणून तिथे नमन करून मागच्या बाजूला, झाडापाशी या. झाड आणि वज्रासन (भगवंतांच्या बसण्याच्या जागेवरची शिळा) दगडी कठड्याच्या आत आहे, कठड्याबाहेर हवं तितका वेळ बसा, कुणी उठवत नाही. महाविहार पहाटे ५ ला उघडतो आणि रात्री ९ ला बंद होतो. पहाटे जा.

वंदना खुशाल म्हणा. थायलंडचे, श्रीलंकेचे, म्यानमारचे लोक गटागटाने बसून म्हणत असतात. उच्चार आणि चाल वेगळी असली तरी त्रिशरण-पंचशील तेच पालीतलं, आईंना लगेच ओळखू येईल. ध्यानाला बसलेल्यांच्या अगदी शेजारी तेवढा आवाज जपून. लाऊडस्पीकरवर पठण सुरू असेल तर ते थांबेपर्यंत थोडं लांब बसा.

आता गुडघ्यांचं. महाविहार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे ५ मीटर खोलात आहे, म्हणजे रस्त्याच्या पातळीवरून पायऱ्या उतराव्या लागतात. एकदा उतरलं की सपाट फरसबंदी. दिवसातून एकदाच उतरायचं आणि खाली निवांत राहायचं, असा बेत ठेवा. वरच्या पातळीवरही प्रदक्षिणेचा मार्ग आहे, संध्याकाळी पायऱ्या न उतरता तिथूनच आईंना सगळं दिसेल. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि हिवाळ्यात सकाळी फरशी गार पडलेली असते, तेव्हा जाड मोजे न्या. बसायला आसनपट्टी किंवा घडीचं छोटं स्टूल असू द्या.

मोबाईल आत नेता येत नाही. ७ जुलै २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तपासणी कडक आहे. फोन बाहेरच्या काउंटरवर ठेवायचा. दोघीच आहात, तर आत चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. गर्दीच्या दिवसांत हे फार कामाला येतं.

फुलं तिथे मिळतात, इथून काही नेऊ नका. दिव्यांसाठी वेगळी जागा केलेली आहे, झाडाजवळ मेणबत्ती-अगरबत्ती लावू नका. पानं तोडायची नाहीत. गळून पडलेलं मिळालं तर घ्या. बाहेर पानं विकणारे भेटतील, त्यांच्याकडून घ्यायची काही गरज नाही. पांढरी साडी जरूर न्या, उपासक-उपासिका पांढऱ्या कपड्यांत दिसतातच.

प्रतिसाद

गाडीबद्दल एक महत्त्वाचं. मुंबई-हावडा मेल नावाच्या दोन गाड्या आहेत. १२८०९ नागपूरमार्गे जाते, ती गयेला जात नाही. तुम्हाला १२३२२ हवी. ती भुसावळ, इटारसी, जबलपूर, प्रयागराजच्या बाजूने गयेला जाते. नाव बघून तिकीट काढू नका, क्रमांक बघा. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेसही गयेवरून जाते, पण ती आठवड्यातून एकदाच.

गया स्टेशनपासून बोधगया साधारण १५ किलोमीटर. ऑटो आणि ई-रिक्षा मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा. गाडी अवेळी पोचली तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबा. आईंना घेऊन अंधारात निघू नका.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. डिसेंबरच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय त्रिपिटक (बौद्ध धर्मग्रंथ) पठण असतं. ते ऐकणं हा मोठा योग आहे, मात्र खोल्या खूप आधी घ्याव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. पितृपक्षात पिंडदानासाठी गया तुडुंब भरते, तो पंधरवडा टाळाच.

प्रतिसाद

आंदोलनाबद्दल. दर्शन बंद नाही, निर्धास्त जा. मूळ प्रश्न १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याचा आहे. व्यवस्थापन समितीत ४ बौद्ध, ४ हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. बौद्धांचं सर्वात पवित्र स्थान, पण समितीत बौद्धांचं बहुमत नाही. श्रीलंकेचे बौद्ध कार्यकर्ते अनागारिक धम्मपाल १८९१ साली बोधगयेला आले तेव्हापासून हा लढा चालू आहे. १९९२ मध्ये भदंत सुरई ससाईंच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात महाराष्ट्रातून गेलेले लोक मोठ्या संख्येने होते, आणि फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू पुन्हा आंदोलनाला बसले. आवारात बौद्धेतर पूजाही दिसेल, तेव्हा आईंना ही पार्श्वभूमी आधीच सांगून ठेवा. तिथे अचानक दिसल्यावर मन दुखावण्यापेक्षा ते बरं. व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावं ही मागणी मला स्वतःला पूर्ण न्याय्य वाटते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! गाडीचं तर मला माहीतच नव्हतं. आईला प्रतिसाद वाचून दाखवले, ती म्हणाली, "मग तिथेच राहू, बाकीचं राहू दे." सहल रद्द. फक्त एक विचारते, बोधगयेहून राजगीर तिला झेपेल का? तिथली गृध्रकूट टेकडी, जिथे भगवंत उपदेश करत, ती बघावी असं माझ्या मनात आहे.

प्रतिसाद

ताई, राजगीर साधारण ७० किलोमीटर, गाडी करून सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळी परत. रत्नागिरी टेकडीवरच्या विश्वशांती स्तूपापर्यंत रोपवे आहे, तिथवर आई आरामात येतील. गृध्रकूटाला मात्र पायऱ्यांच्या वाटेने चालावं लागतं, आणि परतताना तीच वाट पुन्हा. गुडघ्यांचं बघता आईंना स्तूपापाशी बसवून तुम्ही एकटीने जाणंही मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा वेणुवन (राजगीरमधलं बुद्धकालीन बांबूचं वन) आणि नालंदा करा, दोन्हीकडे बरंचसं सपाट चालणं आहे. नालंदा राजगीरपासून फक्त १२-१५ किलोमीटर. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि बोधगयेचंही. बोधगयेच्या संग्रहालयात महाविहाराभोवतीच्या कठड्याचे मूळ शुंग राजांच्या काळातले दगड ठेवले आहेत, ते बघायलाच हवेत. म्हणून शुक्रवार सोडून बेत आखा.

आणि थकवा वाटला तर राजगीर सरळ सोडून द्या. फल्गूच्या पुलापलीकडे बकरौर गावात सुजाता स्तूप आहे, ई-रिक्षाने लगेच जाता येतं. सुजातेने खीर दिली ते गाव म्हणून तो बांधलेला. आईंना ती कथा येत असेलच.

धागाकर्ती

येते! मग सुजाता स्तूप नक्की, राजगीर तिची तब्येत बघून. आता आरक्षण उघडलं की १२३२२ चंच तिकीट काढते, दोन्ही खालचे बर्थ मिळतील असं बघते.