अनुभव धागा : टाळेबंदीतला किराणा आणि त्या वेळची धास्ती

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती लागू झाली. किराणा, भाजी, दूध आणि औषधे यांची दुकाने सुरू राहतील असे केंद्र सरकारच्या आदेशात स्पष्ट म्हटले होते, तरीही मधल्या चार तासांत गल्लोगल्ली दुकानांपुढे झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, त्यामुळे चक्का आणायला म्हणून बाहेर पडलेली माणसे तांदळाची गोणी घेऊन घरी परतली.

त्या काळातल्या आजारपणाविषयी आणि इस्पितळांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. पिशवी घेऊन घराबाहेर पडताना पोटात जो गोळा येत असे, त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. ती भीती नेमकी कशाची होती? विषाणूची, टंचाईची, पोलिसांच्या काठीची, की आपल्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही होईल याची? प्रत्येकाने आपापल्या अनुभवातून सांगावे. दुकानाचे, सोसायटीचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊ नये, एवढीच विनंती आहे.

ठाणे, गृहिणी

आमच्या घरी ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आणि दम्याचा जुना त्रास असलेले यजमान होते, त्यामुळे बाहेर जाण्याचे काम कोणी न सांगता माझ्याकडे आले. मार्चच्या मध्यावर अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यातले आकडे आमच्या संकुलात सर्वांना तोंडपाठ होते : प्लास्टिकवर आणि स्टेनलेस स्टीलवर विषाणू तीन दिवसांपर्यंत तग धरतो, पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत. ही निरीक्षणे प्रयोगशाळेतली आहेत, हे वाक्य मात्र कोणी पुढे पाठवले नाही. मग त्या आकड्यांनीच घर चालू लागले. पुठ्ठ्याचे खोके एक रात्र गॅलरीत राहत असे, बिस्किटांचे पुडे तीन दिवस कोणी उघडायचे नाहीत असा नियम झाला, आणि तेलाच्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुऊन, कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून मी वाळत घालू लागले. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवलेली कोथिंबीर संध्याकाळपर्यंत काळी पडत असे, तरीही ती तशीच निवडून वापरायची. दारात चप्पल काढणे, कोपराने दिवा लावणे आणि कशालाही न शिवता थेट न्हाणीघरात शिरणे हा क्रम ठरून गेला. सासूबाई लांबून हे सगळे पाहत आणि म्हणत, “आमच्या सोवळ्याला तुम्ही लोक हसत होतात ना गं?”

मला स्वतःला आजाराचे भय फारसे वाटले नाही. दुकानातून परतल्यानंतरचे दिवस मात्र कठीण जात. सासूबाईंना ठसका लागला की भाजीच्या गाडीपाशी मुखपट्टी हनुवटीवर ओढून शिंकलेला तो माणूस नेमका कोणत्या दिवशी भेटला होता, याचा हिशेब मी मनातल्या मनात करू लागे, आणि हे कोणाजवळ बोलायचीही सोय नव्हती, कारण बोलले की यजमान बाहेर जाण्याचा हट्ट धरणार. भाज्या साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नका असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितले. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने वस्तूंच्या स्पर्शातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे म्हटले. तोवर आमच्या घरातल्या पिशव्यांवरची छपाई धुऊन धुऊन उडाली होती.

पुणे, किराणा दुकानदार

वरचे वाचले आणि गल्ल्याच्या अलीकडची बाजूही लिहावी असे वाटले. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात मी दुकानापुढे दोरी बांधली, रस्त्यावर चुन्याचे चौकोन आखले आणि नोटा घेण्यासाठी गल्ल्यावर स्टीलचा चिमटा ठेवला. चिल्लर जंतुनाशकाच्या पाण्यात पडत असे आणि रात्री घरी नेऊन वर्तमानपत्रावर पसरली जात असे. क्यूआर कोडचे फलक लावूनही आमच्या पेठेतली जुनी गिऱ्हाइके रोखच देत, कारण बँकेचा निरोप आला नाही तर काय, ही त्यांची वेगळी धास्ती होती.

लोकांना वाटे की आम्ही माल दडवून ठेवतो. प्रत्यक्षात गोदामात धान्य होते, ते दुकानापर्यंत आणायला माणसे नव्हती. हमाल गावाला निघून गेले होते, टेम्पोवाल्याला पास मिळवावा लागत होता आणि घाऊक व्यापारी रोख मोजल्याशिवाय पोते हलू देत नव्हता. दहा किलो तूरडाळ मागणाऱ्याला मी दोन किलोच देत असे. त्यावरून बोलणी खावी लागली, परंतु मागे उभ्या असलेल्या विसाव्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवण्यापेक्षा ती पत्करली. आधी संपले ते शेंगदाणे, साबुदाणा आणि रवा. तांदूळ कधीच पूर्ण संपला नाही, तरी प्रत्येक जण आल्या आल्या विचारत असे तो तांदळाविषयीच.

सर्वांत वाईट दिवस टाळेबंदीच्या पहिल्या पर्वातले नव्हेत, तर जुलैतले. १० जुलै २०२० रोजी, शुक्रवारी, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी जाहीर झाली. १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून ती लागू होणार होती आणि पहिले पाच दिवस दूध आणि औषधे यांखेरीज काहीच मिळणार नव्हते. रोगाची साथ मार्चपेक्षा कितीतरी वाढलेली असताना मधल्या शनिवार-रविवारी आखलेले चौकोन कोणाच्या खिजगणतीत राहिले नाहीत. दोरी तुटली. घरी लहान मुलगी होती, त्यामुळे ते सगळे दिवस मी दुकानाच्या माळ्यावर झोपलो आणि डबा शटरखालून आत घेतला.

फोंडा, गोवा, शिक्षिका

गोव्यात जनता कर्फ्यू २२ मार्चला सुरू झाला तो लांबतच गेला आणि सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेदेखील बंद राहिली. आमच्याकडे भाजी मुख्यतः बेळगावहून येते, दुधाचा बराच भाग कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून येतो, त्यामुळे हद्दीवरचे नाके बंद झाल्याची बातमी म्हणजे आमच्या दृष्टीने स्वयंपाकघर बंद झाल्याची बातमी होती. ज्यांच्या परसात केळी, फणस आणि तांबडी भाजी होती त्यांचे निभावले. आम्ही भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्यांनी आंबट झालेल्या ताकाची कढी आणि पेज यांवर वेळ काढली. त्यानंतर सरकारने दुकाने दिवसरात्र उघडी ठेवायला परवानगी दिली, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर भाजी दिसू लागली, आणि आश्चर्य म्हणजे रांगा दोन दिवसांत ओसरल्या. शेजारच्या काकींनी मात्र त्या धसक्याने उकड्या तांदळाचा जो साठा केला तो पावसाळ्यात किडला.

घाटकोपर, मुंबई, महाविद्यालयीन विद्यार्थी (त्या वेळी शाळेत)

खोके गॅलरीत ठेवण्याविषयी वाचताना मला थोडे हसू आले, त्याबद्दल राग नसावा. आमच्या खोलीला गॅलरी नाही. आई चार घरी धुणीभांडी करीत असे आणि त्या चारही सोसायट्यांनी दरवाजे बंद केले. दोन घरांनी पगार दिला, दोघांनी फोन उचलणे थांबवले. मोफत तांदळाची योजना २६ मार्चला जाहीर झाली, माणशी पाच किलो, तीन महिने. परंतु आमची शिधापत्रिका केशरी असून प्राधान्य यादीत आमचे नाव नव्हते, म्हणून तो तांदूळ आम्हाला मिळाला नाही. राज्य सरकारने केशरी कार्डावर आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ दिला, माणशी तीन आणि दोन किलो, तो मे आणि जून महिन्यांसाठी. मधला एप्रिल आम्ही कसा काढला हे आईलाच ठाऊक. शिवभोजन थाळी त्या काळात पाच रुपयांना झाली होती. मी आणि धाकटा भाऊ त्या रांगेत उभे राहत होतो.

रेशन दुकानापुढे पहाटेच पिशव्या, विटा, एखादी फुटकी बादली असा नंबर लागत असे आणि माणसे सावलीत बसत. ‘धान्य आले नाही’ असे खडूने लिहिलेली पाटी आज दिसेल का, एवढीच आईची भीती होती. विषाणूविषयी विचारल्यावर ती म्हणे, “सार्वजनिक नळावर आणि संडासाला तर रोजच जातो ना आपण, मग दुकानाला काय भ्यायचं?”

नाशिक

मला मंत्रचळाचा विकार आहे, म्हणजे ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात तो. टाळेबंदीपूर्वी दोन वर्षे माझे उपचार चालू होते, आणि त्या उपचारांचा गाभाच हा होता की दुकानातली वस्तू हाताळायची, हात न धुता बसून राहायचे आणि वाढणारी अस्वस्थता आपोआप ओसरते हे अनुभवायचे. मी बाजारातून आणलेले सफरचंद नुसते रुमालाने पुसून खाण्यापर्यंत पोहोचले होते. नंतर एके दिवशी दूरदर्शनपासून सोसायटीच्या फलकापर्यंत सर्व जण मला वीस सेकंद हात धुवायला सांगू लागले. ज्या नातेवाइकांनी मला वेडी ठरवले होते त्यांनीच फोन करून दुधाची पिशवी कशी धुवायची ते विचारले, तेव्हा मला समाधान वाटावे की रडू यावे हे समजेना. माझ्या समुपदेशकांनी फोनवर एक साधी मर्यादा घालून दिली : सरकारी सूचनेत जेवढे लिहिले आहे तेवढे करायचे, त्याहून एक कृतीही अधिक नाही. बाकीच्यांची भीती टाळेबंदीबरोबर गेली असेल, माझी ती मर्यादा आजही कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे.

हॅरो, लंडन, संगणक अभियंता

येथे २३ मार्चला निर्बंध जाहीर झाले आणि आवश्यक खरेदीसाठी शक्य तितक्या कमी वेळा बाहेर पडा, असे सांगण्यात आले. त्याआधीच मोठ्या दुकानांतले शौचालयाचे कागद, पास्ता आणि पीठ नाहीसे झाले होते. घरपोच मालाची वेळ मिळावी म्हणून मी मध्यरात्री संगणकापुढे बसत असे. भारतीय वाण्याकडे कणकेची एकच पिशवी मिळत असे. आई-वडील साताऱ्याला होते; आमच्या गप्पांची सुरुवात बरेच महिने ‘डाळ आहे का’ या प्रश्नाने होत असे, दोन्ही बाजूंनी.

मुलुंड, मुंबई, निवृत्त बँक कर्मचारी

वरचे सगळे वाचून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. दुकान किती वेळ उघडे राहील याची खात्री जेथे नव्हती तेथे भीती वाढली, आणि जेथे ती मिळाली तेथे कमी झाली. फोंड्याच्या ताईंचा आणि पुण्याच्या दुकानदारांचा अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहावा. जून २०२० च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी खरेदीसाठी घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जाऊ नये असे सांगितले, तेव्हा आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचे लोक बाजारापर्यंतचे अंतर नकाशावर मोजत बसले होते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, २० तारखेपासून किराण्याची दुकाने सकाळी सात ते अकरा एवढीच उघडी राहू लागली. दिवसभर पांगून येणारी तीच माणसे चार तासांत एकत्र कोंबली गेली. मी साडेसहालाच जाऊन उभा राहत असे आणि माझ्याआधी रांग लागलेली असे. दहानंतर आलेल्यांच्या चेहऱ्यावर घड्याळाचा धाक स्पष्ट दिसत असे. गर्दी कमी करायची असेल तर दुकानांची वेळ वाढवायला हवी, हे बँकेच्या काउंटरवर आयुष्य घालवलेल्या कोणत्याही कारकुनाने सांगितले असते. असा प्रसंग पुन्हा आलाच, तर सकाळचे दोन तास केवळ साठीपुढच्यांसाठी राखून दुकाने रात्री दहापर्यंत उघडी ठेवावीत, आणि बंदची घोषणा करताना दुकानांच्या वेळा पहिल्याच वाक्यात सांगाव्यात.