ऊस हंगामात गाडीच्या बैलांसाठी काय करता येईल? (बेळगाव जिल्हा: निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग)

सीमाभाग_वाचक:
कारखाने सुरू झाले की आपल्याकडचे सगळे रस्ते ऊसगाड्यांनी भरून जातात. खांदा फुटलेला बैल तसाच जुंपलेला असतो, चढाला एखादा गुडघ्यावर येतो, कारखान्याच्या यार्डात गाड्या तासन् तास जुंपलेल्याच उभ्या असतात. गाडीवानाशी भांडून काही होत नाही, त्याचा राग शेवटी बैलावरच निघतो. आम्ही गावातले सहाजण आहोत. नोकरी-धंदा सांभाळून रविवार आणि थोडे पैसे देऊ शकतो. उपयोगाचं नेमकं काय? गोशाळा काढा, असं कृपया सांगू नका.

काटा_पावती:
गाडीवानाला धरून उपयोग नाही, हे बरोबर. ऊसतोड टोळीनं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि मजुरी टनावर मिळते. जादा भार त्या हिशेबातून येतो, आणि हिशेब होतो कारखान्याच्या वजनकाट्यावर. भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं, दोन्ही वजनं तिथं होतात, पावती निघते. पुरावा कारखान्याच्याच दप्तरात पडलेला असताना रस्त्यावर मोबाइल धरून उभं राहायचं कारण नाही.

कायदा सांगतो. 1965 चे केंद्राचे नियम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच आहेत. बैलाचे वजनावरून तीन गट: 200 किलोपर्यंत लहान, 200 ते 350 मध्यम, त्यावर मोठा. गट आणि गाडीची चाकं पाहून भाराची मर्यादा ठरते, आणि एक किलोमीटर किंवा जास्त लांबीचा, 30 मीटरला 3 मीटरपेक्षा जास्त उभा चढ असला तर ती निम्मी होते. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. अथणी-रायबागकडं हंगामाच्या शेवटी हे कलम थेट लागू पडतं. पराणीला, म्हणजे हाकायच्या काठीला, आर (टोकदार खिळा) लावणंही बंद आहे. जखमी किंवा आजारी जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. तो अदखलपात्र असल्यानं पोलीस टाळतात, त्यात नवल नाही.

म्हणून अर्ज कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना आणि शेती अधिकाऱ्यांना द्या. प्रत जिल्हाधिकारी आणि पशुपालन खात्याच्या उपनिर्देशकांना. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, मराठी प्रत सोबत जोडा, आवक नंबर घेतल्याशिवाय उठू नका. मागणी एकच ठेवा: गाडीमागे कमाल वजन ठरवा आणि त्यावरच्या उसाची वाहतूक मजुरी देऊ नका. फुकट ओढायला कुणी भरत नाही. मात्र दर तोच ठेवून नुसतं वजन कमी केलं तर टोळी रात्रीची एक खेप वाढवते आणि बैल आणखी मरतो. दराचा मुद्दा त्याच अर्जात हवा.

गोठा_दवाखाना:
बैलाचं वजन टेपनं काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 68 आणि लांबी 58 असेल तर साधारण 406 किलो. चांगला खिलार बहुतेक मोठ्या गटात बसतो, पण जोडीतला एक खिलार आणि दुसरा हलका असला तर हलक्यावरून धरा.

आता खांदा. वशिंडाच्या पुढं हात फिरवला की आधी गरम, मऊ सूज लागते. त्याच दिवशी जू उतरवलं तर काम सोपं असतं. पहिले दोन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या, नंतर कोमट शेक, आणि सूज पूर्ण बसेपर्यंत जुंपणं बंद. तसंच ओढत राहिलं की गाठ कडक होते, ती मग शस्त्रक्रियेनंच निघते. कातडी फुटली असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं धुवून पोव्हिडोन आयोडीन लावा. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवून चिमट्यानं एकेक काढा, वरून माशी न बसणारं मलम. जळकं ऑइल आणि रॉकेल लावायची खोड इकडं फार आहे. त्यानं कातडी भाजते आणि जखम महिनाभर लांबते.

लोक दयेनं जखमेवर गोणपाटाची गादी बांधतात. घाम-पाण्यानं ती भिजते, गोळा होते आणि नेमक्या जखमेवर दाबते. त्यापेक्षा सुताराकडून जुवाची खालची बाजू रुंद आणि गोल करून घ्या, खिळ्यांची डोकी आत ठोका. सहाजणांचे पैसे इथं घाला. एका रविवारी सुतार आणि नालबंद टोळीच्या तळावर नेला तर बरंच काम होतं. बैलाला खुरागणिक दोन म्हणजे आठ पत्र्या (नाल) लागतात. खिळा जिवंत भागात गेला तर एक-दोन दिवसांत खूर गरम लागतो, बैल पाय उचलून धरतो. खिळा काढा, धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना बोलवा. पत्री मारायला बैल पाडायचा तो मातीवर किंवा पाचटावर, डांबरावर कधीच नाही.

आणि वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. हंगामभर नुसतं वाडं खाल्लं की त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. थोडा कडबा, रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ एवढं दिलं तरी फरक पडतो. थकलेल्या बैलाला पीठ, चपात्या, गुळाचे ढेपे भरवणारे पुण्यवान लोक मात्र आवरा. त्यानं पोटात आम्ल होतं, आणि बैल बसतो तो उठत नाही.

धुरी_साटी:
डॉक्टरांनी जू सांगितलं, पण निम्मे खांदे गाडी भरण्याच्या पद्धतीनं जातात. दोन चाकी गाडी आहे, तोल आसावर. ऊस पुढं जास्त झाला की जू खांद्यावर बसतं. मागं जास्त झाला की धुरी (गाडीचा पुढचा दांडा) वर उचलते आणि जुपणी, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, गळ्याला आवळते. बैल खोकतो, जीभ काढतो. भरून झाल्यावर एका माणसानं जू हातानं उचलून बघायचं. जड लागावं पण उचलावं, आपोआप वर येता कामा नये. उताराला ब्रेक नसेल तर सगळी गाडी बैल मानेवर थोपवतात, हे कुणी मोजतच नाही.

सीमाभाग_वाचक:
हे कामाचं आहे. गाड्यांना रेडियम, म्हणजे रात्री चमकणारी पट्टी, लावायचा विचार होता, आणि यार्डात पाण्याचा हौद. कोसळलेल्या बैलाचं काय करायचं तेही सांगा डॉक्टर.

धुरी_साटी:
रेडियम गाडीच्या मागच्या फळीवर लावू नका, भरल्यावर वाडं खाली लोंबतं आणि पट्टी झाकली जाते. हातभर फळीवर लाल पट्टी मारून दोरीसकट गाडीवानाला द्या, भरून झाल्यावर मोळ्यांच्या टोकाला बांधायची. पुढं जुवाच्या दोन्ही टोकांना पांढरी. पुणे-बेंगळूरु हायवेला लागणाऱ्या गाड्या आधी धरा.

गोठा_दवाखाना:
हौद दहा फूट लांब, दोन रुंद, दीड खोल केला तर साडेआठशे लिटर बसतं. कामाचा बैल दिवसाला 40 ते 60 लिटर पितो, तेव्हा भरता नळ हवाच. यार्डात जागा कारखान्याची, गावच्या रस्त्याला करायचा तर ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटा. पंधरवड्याला रिकामा करून घासून चुना. लाळ सुटलेलं किंवा तोंडात फोड आलेलं जनावर तिथं पाजू नका, बादली वेगळी. लाळ्या-खुरकुताची सरकारी लस फुकट असते, पण टोळीचे बैल गाव सोडून आलेले असतात आणि दोन्हीकडच्या फेरीत सुटतात. तळावर जाऊन कानातला 12 आकडी बिल्ला बघा, नंबर लिहून घ्या आणि जवळच्या पशुचिकित्सालयात यादी द्या. हे काम शाळेतलं पोरही करेल.

बैल कोसळला तर आधी चाकांना दगड, धुरीला टेकू, मगच जुपणी सोडा किंवा कापा. टेकू नसेल तर सगळा भार त्याच्यावर येतो. आडवा पडू देऊ नका, पोट फुगतं. छातीवर बसता करून दोन्ही बाजूंना पोती लावा. शेपूट पिरगळणं बंद. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. मान आणि अंग ओलं करा, सावली धरा. 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकाला फोन लावून किलोमीटरचा दगड, डावी कूस फुगली आहे का आणि मागचे पाय हलतात का, एवढं सांगा.

नवा_सभासद:
एवढं करण्यापेक्षा बैलगाड्याच बंद करा म्हणावं. ट्रॅक्टर आहेत की.

काटा_पावती:
होतच आहेत बंद. पण हंगामाच्या मध्यात बंद झाली तर उचल फेडायला टोळी आधी बैल विकते, आणि खांदा फुटलेल्या बैलाला बाजारात शेतकरी गिऱ्हाईक मिळत नाही. वाचक दादा, यार्डाच्या अर्जात टोकन नंबरही घाला. नंबर पुकारेपर्यंत बैल सोडून सावलीत बांधता आले पाहिजेत. आज नंबर जाईल या भीतीनं ते जुंपलेले ठेवतात. याला कारखान्याला खर्च जवळपास नाही, म्हणून हे आधी मान्य होतं.