लॅपटॉपवर गाणं आणि पेटी रेकॉर्ड करायला कुठलं साउंड कार्ड घ्यावं? (बजेट दहा हजार)

काळी_चार

नमस्कार मंडळी. घरच्या घरी गाणं आणि पेटी रेकॉर्ड करायची आहे, कधीमधी तबलाही. लॅपटॉप विंडोज ११, आय५, ८ जीबी रॅम. सध्या हेडफोनच्या भोकात कॉलर माइक लावतो. मागे सतत खरखर असते आणि गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. कार्डासाठी दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, माइकचं बजेट वेगळं आहे.

एक इनपुट पुरेल की दोन हवीत? १९२ किलोहर्ट्झवालं कार्ड ४८वाल्यापेक्षा खरंच चांगलं का? फोनमधला तानपुरा कार्डात कसा घ्यायचा? आणि व्ही-८ नावाचं भरपूर बटणांचं कार्ड माइकसकट अगदी स्वस्तात दिसतंय, ते चालेल का?

मंद्र_पंचम

व्ही-८ घेऊ नका. ते फोनवरून लाइव्ह जाणाऱ्यांसाठी आहे. टाळ्या, हशा, घुमणारा आवाज असले इफेक्ट त्यात असतात. सोबतचा माइक बहुधा ३.५ मिमी पिनेचा असतो आणि त्याला खरे ४८ व्होल्ट (माइकला कार्डातून मिळणारी वीज) मिळत नाहीत. जी खरखर घालवायला निघालात तीच पुन्हा घरी आणाल.

गाणं आणि पेटी एकाच वेळी पण वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी असेल तर माइकची दोन इनपुट लागतातच. इथेच बरेच जण फसतात. बेहरिंगर यूएम२ किंवा फोकसराइट स्कार्लेट सोलोवर दोन जागा दिसतात, पण माइक लागतो एकाच जागी. दुसरी गिटार किंवा कीबोर्डसाठी असते, तिला माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) नसतो. म्हणून दुकानात ‘इनपुट किती’ असं विचारू नका, ‘एक्सएलआर (तीन पिनांचे) माइक किती लागतील’ असं विचारा.

तुमच्या बजेटमध्ये मी बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी बघेन. दोन माइक, २४ बिट आणि कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज नेणारा). विंडोजवर हा ड्रायव्हर फार महत्त्वाचा. यूएम२ला तो नाही, तिथे आसिओ-फॉर-ऑल वापरावा लागतो. तो विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. चालतो, पण मध्येच दुसऱ्या प्रोग्रॅमने कार्ड धरलं की अडतो. शिवाय यूएम२ १६ बिटचं आहे. ख्यालात मंद्रातला षड्ज आणि तार सप्तकातली तान यांच्या जोरात केवढा फरक असतो, तुम्हाला ठाऊक आहे. तान फाटू नये म्हणून गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) खाली ठेवायचा, आणि मग मंद्रातला सूर खरखरीच्या जवळ जाणार. २४ बिटमध्ये सर्वात जोरकस जागा उणे १२ डेसिबलवर ठेवली तरी खाली भरपूर जागा उरते.

१९२चा आकडा (आवाज सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो तो) विसरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. १९२ला त्याच्या चौपट, आणि कानाला मिळत काहीच नाही.

थोडं थांबून बजेट वाढवता आलं तर स्कार्लेट २आय२ची चौथी पिढी बघा. तिच्यात माइकला ६९ डेसिबलपर्यंत गेन आहे, त्याच पिढीच्या सोलोमध्ये ५७. डायनॅमिक माइकवर (वीज न लागणाऱ्या, कमी सिग्नल देणाऱ्या) हळू आवाजात गाताना हा फरक जाणवतो.

डग्गा_आणि_डेसिबल

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण कार्डाइतकाच विचार माइकचा करा. उदाहरणादाखल शुअर एसएम५८ (डायनॅमिक) आणि ऑडिओ टेक्निका एटी२०२० (कंडेन्सर, म्हणजे ४८ व्होल्टवर चालणारा) घ्या. तोच आवाज, तेच अंतर, तरी एटी२०२०चा सिग्नल साधारण १७ डेसिबल मोठा येतो. म्हणजे स्वस्त कार्डाचा गेन टोकापर्यंत फिरवावा लागत नाही आणि प्रीअँपची खरखर आपोआप मागे राहते. पण कंडेन्सर पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, सगळंच गोळा करतो. रस्त्याकडेच्या खोलीत डायनॅमिक परवडतो, आतल्या शांत खोलीत कंडेन्सर.

गाताना पेटीही तुम्हीच वाजवणार असाल तर दोन माइकमध्ये दोन्ही आवाज मिसळणारच. ती मिसळ कमी करायची तर कार्डिऑइड माइकची पाठ कामाला लावा, कारण पाठीमागून तो सर्वात कमी ऐकतो. गळ्याचा माइक छातीच्या उंचीवर, तोंडापासून २० सेंटिमीटरवर, वर तोंड करून ठेवा. पाठ पट्ट्यांकडे जाईल. पेटीचा माइक भात्यापासून दूर, तार सप्तकाच्या बाजूने, पट्ट्यांपासून ३० सेंटिमीटरवर. भात्याजवळ ठेवलात तर सुरापेक्षा हवेचा फुसफुसाट आणि बिजागरीची करकर जास्त येईल.

दोन माइक वापरताना एक नियम असतो: माइक आवाजापासून जेवढा लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये. तबल्याला तो पाळता येत नाही, तबला आणि डग्गा शेजारीच असतात. दोन माइक लावले की रेकॉर्डिंग एकदा मोनोमध्ये ऐका. डग्ग्याचा घुमारा पातळ झाला तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेचं वर-खाली) उलटी करा, बहुतेक वेळा तो परत येतो. नाही आला तर एकच माइक दोघांच्या मधोमध ४०-५० सेंटिमीटर वर धरा.

अशा स्वस्त कार्डांत ४८ व्होल्टचं बटण सहसा दोन्ही माइकना मिळून एकच असतं. साध्या एक्सएलआर केबलवरच्या डायनॅमिक माइकला त्याने धोका नाही. फक्त केबल काढता-घालताना ते बंद ठेवा, आणि हेडफोनचा आवाजही खाली.

मंद्र_पंचम

तानपुऱ्याचं राहिलं होतं. फोनच्या हेडफोन जॅकमधून ३.५ ते ६.३५ मिमीची स्टिरिओ केबल सरळ कार्डाच्या एका इनपुटात घालू नका. ते इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे दोन तारांमधला फरक तेवढा घेतं. फोन एका तारेवर डावा आणि दुसऱ्यावर उजवा आवाज पाठवतो. तानपुरा दोन्हींत सारखाच असेल तर फरक शून्य, आणि आवाज जवळजवळ गायब. दुकानातून एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघणारी केबल आणा आणि तिची एकच पिन लावा. बटण ‘लाइन’वर ठेवा, ‘इन्स्ट’वर नाही, नाहीतर सिग्नल फाटेल.

पण दोन्ही इनपुट गळ्याला आणि पेटीला गेली की तानपुऱ्याला जागा कुठे? तो आधीच वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा, मग हेडफोनमध्ये ऐकत गा. स्पीकरवर लावलात तर गळ्याच्या माइकमध्ये शिरेल आणि नंतर काढता येणार नाही. प्रोजेक्टचा आणि फाइलचा सॅम्पल रेट (४४.१, ४८ असा किलोहर्ट्झचा आकडा) एकच आहे ना, हे तपासा. ४४.१ची फाइल न बदलता ४८ वर वाजली तर पांढरी एकचा तानपुरा काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या अलीकडे पोचतो.

काळी_चार

मनापासून आभार. यूएमसी २०२ एचडी नक्की करतोय. आवाज उशिरा येण्याचं काय? नवीन कार्डाने तो आपोआप जाईल का?

वायरमन_पुणे

आपोआप नाही. कार्डावरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण दाबा. मग तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता कार्डातूनच हेडफोनला येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. हेडफोन वायरचा आणि कान झाकणारा घ्या. ब्लूटूथचा उशीर कुठल्याच सेटिंगने जात नाही.

सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर हिशेब असा: ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे जाताना ५.३ मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर कार्डाचे स्वतःचे काही. १२८ केलात तर निम्मा होतो, पण तडतड सुरू होऊ शकते. तडतड आली तर आधी वायफाय बंद करून बघा, पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि कार्ड हबऐवजी थेट लॅपटॉपला लावा. एवढ्यानेही नाही गेली तर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम चालवा, अडथळा करणारा ड्रायव्हर त्यात नावानिशी दिसतो.

सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या, ६० दिवस वापरून बघता येतं. ऑप्शन्समधून प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस असं जाऊन आसिओ आणि कार्डाचा ड्रायव्हर निवडा. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग कोरं आलं, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे का ते आधी बघा.

आणि ५० हर्ट्झची गुणगुण आली तर चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्या. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगचा आहे, कार्डाचा नाही. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा, सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. चार्जरची तिसरी पिन मात्र कधीही तोडू नका.