'सरफेस एन्हान्स्ड रामन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आरोग्यविषयक मासिकासाठी एक लेख मराठीत आणते आहे. लघवीच्या नमुन्यात सोन्याचे नॅनोकण मिसळायचे, त्यावर लेझर टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशावरून जिवाणू ओळखायचे, असा विषय आहे. तंत्राचं नाव 'सरफेस एन्हान्स्ड रामन स्पेक्ट्रोस्कोपी'. मी 'पृष्ठवर्धित रामन वर्णपटमिती' असं लिहिलं, पण संपादकांना ते पटत नाही. शिवाय स्कॅटरिंगला 'विकिरण' म्हणावं की 'प्रकीर्णन'?

प्रतिसाद : 'विकिरण' नकोच. त्यातून वाचकाला रेडिएशन ऐकू येतं आणि आजाराच्या लेखात तर तो हमखास घाबरेल. 'प्रकीर्णन' बरोबर आहे, पण आधी एकदा 'प्रकाश विखुरतो' असं सरळ लिहा, मग संज्ञा आणा. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात जे पाहिलं, ते हेच : रेणूंवरून विखुरलेला बहुतेक प्रकाश होता त्याच रंगाचा परततो, पण साधारण कोटीत एखादा फोटॉन बदललेली तरंगलांबी घेऊन येतो. तो बदल त्या त्या रेणूच्या कंपनांवर ठरतो. संकेत इतका क्षीण, म्हणून तर सोनं लागतं.

दुसरा प्रतिसाद : संपादकांचं बरोबर आहे. 'पृष्ठवर्धित' वाचून पृष्ठ वाढलं असंच वाटतं. गंमत म्हणजे सुरुवातीला शास्त्रज्ञांचाही तोच समज होता. 1974 मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला रसायनशास्त्रज्ञ फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना चांदीच्या खरखरीत केलेल्या इलेक्ट्रोडवर पिरिडिन या सेंद्रिय संयुगाचा ठळक रामन संकेत मिळाला. पृष्ठफळ वाढलं, जास्त रेणू बसले, असा अर्थ त्यांनी लावला. 1977 मध्ये दोन गटांनी दाखवलं की तेवढ्याने हिशेब जुळत नाही, दर रेणूमागे संकेतच लाखो पटींनी वाढतो. म्हणून 'वाढ' हा शब्द संकेताला चिकटला पाहिजे, पृष्ठाला नव्हे. माझं मत : 'धातुपृष्ठामुळे तीव्र होणारं रामन प्रकीर्णन'. लांब आहे, पण खोटं बोलत नाही. पुढे 'सर्स' (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं SERS) वापरा.

प्रश्नकर्ती : पटलं. मग 'जिवाणूवर सोन्याचा मुलामा चढतो' हे चालेल का?

दुसरा प्रतिसाद : मुलामा म्हणजे सलग थर. इथे साधारण दोन मायक्रोमीटर लांबीच्या जिवाणूवर पन्नासेक नॅनोमीटरचे सुटे कण बसतात. खरा प्रताप दोन कणांमधल्या फटीत असतो. तिथे प्रकाशाचं विद्युत क्षेत्र एकवटतं, त्या जागेला प्रयोगशाळेत सगळे 'हॉटस्पॉट'च म्हणतात, तुम्हीही तेच ठेवा. आणि कण आपोआप 'चिकटतात' असंही लिहू नका. सायट्रेट वापरून केलेल्या सोन्याच्या कणांवर ऋण भार असतो, जिवाणूच्या बाह्य पृष्ठावरही बहुधा ऋणच, त्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात. म्हणून कणांवर प्रतिपिंडं (जिवाणूला नेमकी धरणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) बसवतात किंवा त्यांचा भार बदलतात. 'बसवणं' हे क्रियापद इथे चपखल आहे.

पहिला प्रतिसाद : आणखी एक. लाल द्रावण निळं-जांभळं होतं ती चाचणी वेगळी, ती यात मिसळू नका. छोट्या सुट्या कणांचं द्रावण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं म्हणून लाल दिसतं, कण एकत्र गोळा झाले की रंग बदलतो. ते शोषण आहे, रामन नाही. त्याला 'रंगबदल चाचणी' पुरे.

प्रश्नकर्ती : आणि 'डिटेक्ट'ला 'ओळखणे' चालेल?

दुसरा प्रतिसाद : सरसकट नाही. जिवाणू आहे एवढं कळणं म्हणजे 'आढळणं', कोणता ते कळणं म्हणजे 'ओळख पटणं'. सर्समध्ये हा फरक फार महत्त्वाचा आहे. अनेक जिवाणूंच्या वर्णपटात 730 cm⁻¹च्या (रामन वर्णपटाचं एकक) आसपास एक ठळक शिखर येतं. ते बरंचसं ॲडेनिन (डीएनएचा एक घटक) आणि त्याच्या नात्यातल्या रेणूंमुळे, म्हणजे ते एकटं कोणाचंच नाव सांगत नाही. ओळख पटवायला अख्खा वर्णपट ज्ञात नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात, ते वाचवण्याची ही धडपड आहे, त्यामुळे लेखात 'ओळखतात' असं ठाम लिहिण्याआधी मूळ प्रयोग शुद्ध जिवाणूंवर होता की खऱ्या लघवीवर, ते पाहून घ्या.