नेव्हरविंटर नाइट्स: हॅक, मॉड्यूल, ओव्हरराइड म्हणजे काय? नवखी आहे, कोणी सांगेल का?

यवतेश्वरची_सई (सातारा)

नमस्कार मंडळी. भावाने मला 'नेव्हरविंटर नाइट्स'ची एनहान्स्ड एडिशन घेऊन दिली आहे. मोबाईलवरचे दोन-चार गेम सोडले तर माझा हा पहिलाच मोठा खेळ. पात्र म्हणून विझार्ड घेतली, अकादमी पार केली, आता पहिल्या चॅप्टरमध्ये साथीने ग्रासलेल्या त्या शहरात फिरते आहे. गोष्टीत जीव अडकलाय, पण दोन ठिकाणी गाडी थांबते.

एक, लढाई चालू असताना कोपऱ्यात आकड्यांच्या ओळी सरकत असतात. डी२०, एसी, डीसी, फॉर्टिट्यूड सेव्ह. त्यांचा अर्थ लागत नाही आणि माझी बाई दोन फटक्यांत आडवी होते.

दुसरं जास्त महत्त्वाचं. चाहत्यांनी बनवलेली एक साहसकथा व्हॉल्टवरून (चाहत्यांच्या फाइली ठेवलेल्या साइटवरून) उतरवली आणि मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये टाकली. सुरू करायला गेले तर हॅक फाइल सापडत नाही असा संदेश येतो. त्या पानावर हॅक, टीएलके, सीईपी, ओव्हरराइड, ईआरएफ, पीडब्ल्यू असं बरंच काही लिहिलंय. इंग्रजी वाचता येतं मला, पण तिथे प्रत्येक जण समोरच्याला सगळं ठाऊक आहे असं धरून लिहितो. कोणी नीट बसून सांगेल का?

हरिपूरकर (सांगली)

सईताई, नीट बसूनच सांगतो. हा खेळ २००२ साली बायोवेअरने काढला तेव्हापासून माझ्या जवळचा आहे, आणि मराठीत कोणी त्याबद्दल विचारलं याचा मनापासून आनंद झाला.

आकड्यांचं आधी उरकतो, कारण ते दिसतं तेवढं अवघड नाही. हा खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. डी२० म्हणजे वीस बाजूंचा फासा. तुम्ही वार केलात की खेळ तो फासा टाकतो, त्यात तुमचा अटॅक बोनस मिळवतो आणि बेरीज समोरच्याच्या एसीएवढी (आर्मर क्लास, म्हणजे त्याच्या बचावाचा आकडा) किंवा जास्त झाली की वार लागतो. कोपऱ्यात '१४ + ४ = १८' दिसलं तर १४ फाशाचे, ४ तुमचे. समोरच्याचा एसी १५ असेल तर लागला. फाशावर २० पडले की वार लागतोच, १ पडला की चुकतोच. वार लागल्यावर इजा किती हे वेगळ्या फाशाने ठरतं, लाँगसोर्डला १डी८, म्हणजे एक ते आठ.

सेव्हिंग थ्रो हे तुमच्या बाजूचं संरक्षण. विष किंवा रोग असेल तर फॉर्टिट्यूड, आगीचा गोळा आला तर रिफ्लेक्स, मनावर ताबा मिळवणारा मंत्र असेल तर विल. डीसी म्हणजे तुम्हाला गाठायचा आकडा.

विझार्ड लवकर मरते यात तुमचं काही चुकत नाही. फायटरला दर लेव्हलला दहा बाजूंच्या फाशाने जीव मिळतो, विझार्डला चार बाजूंच्या. त्यावर दोन उपाय सांगतो. 'मेज आर्मर' हा पहिल्या पातळीचा मंत्र स्पेलबुकमध्ये मांडून ठेवा, एसी चारने वाढतो. तो लेव्हलमागे एक तास टिकतो, पण खेळातला तास म्हणजे सहसा आपली दोन मिनिटं, तेव्हा दार उघडायच्या आधी टाका. आणि शहराच्या मध्यभागी 'ट्रेड ऑफ ब्लेड्स' आहे, तिथून हेंचमन घ्या. हेंचमन म्हणजे पैसे देऊन घेतलेला सोबती. डेलन रेड टायगर हा अर्धा-ऑर्क बार्बेरियन पुढे उभा करा, तुम्ही मागून मंत्र टाका. मंत्र संपले की रेस्ट, म्हणजे विश्रांती. फीट (खास क्षमता) आणि स्किल (कौशल्यं) इतक्यात पाठ करू नका, लेव्हल वाढवताना खेळ सुचवतो ते घेतलं तरी पहिला चॅप्टर निभावतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही दुसरं जास्त महत्त्वाचं म्हणालात, ते शंभर टक्के खरं. या खेळाबरोबर 'ऑरोरा टूलसेट' पहिल्या दिवसापासून खोक्यातच आला, घरबसल्या कोणालाही स्वतःची साहसकथा बांधता यावी म्हणून. म्हणूनच वीस वर्षं उलटूनही हा खेळ जिवंत आहे. कंपनीची गोष्ट संपली तरी लोकांच्या गोष्टी संपत नाहीत, आणि त्यातल्या काही मूळ मोहिमेपेक्षा सरस आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांनी बांधलेल्या अशा एका साहसकथेला मॉड्यूल म्हणतात. फाइलच्या शेवटी डॉट मॉड असतं. जागा, माणसं, संवाद, कोडी, सगळं त्यात. मग हॅक कशाला? आपण सांगलीची माणसं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं त्या गावची, म्हणून नाटकाचंच उदाहरण देतो. मॉड्यूल म्हणजे संहिता आणि पात्रं. हॅक म्हणजे नाटक कंपनीने सोबत आणलेले पडदे, मुखवटे, दागिने. काही कंपन्या थिएटरात आहे त्यावर भागवतात, म्हणजे मूळ खेळातल्याच गोष्टी वापरतात, त्यांना हॅक लागत नाही. काहींना स्वतःचे राक्षस, स्वतःच्या इमारती हव्या असतात, ते हॅकमध्ये येतात. पडद्यांची पेटी पोचली नाही तर प्रयोग उभा राहत नाही. तुमचं तेच झालंय.

तेव्हा असं करा. त्या पानावर पुन्हा जा आणि 'रिक्वायर्ड' किंवा तत्सम शब्दाखाली काय काय लिहिलंय ते बघा. तिथल्या सगळ्या फाइल उतरवा. बहुतेक झिप, रार नाहीतर सेव्हन-झेड अशा दाबलेल्या असतात, त्या आधी उघडायच्या, तशाच फोल्डरमध्ये टाकून चालत नाहीत. मग 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'नेव्हरविंटर नाइट्स' नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आत डॉट मॉड 'मॉड्यूल्स'मध्ये, डॉट हॅक 'हॅक'मध्ये, डॉट टीएलके 'टीएलके'मध्ये. टीएलके म्हणजे नव्या वस्तूंची नावं आणि वर्णनं असलेली मजकुराची फाइल. हॅकचं नाव बदलू नका, मॉड्यूल त्याच नावाने शोधतं. नंतर 'न्यू गेम'मधून 'अदर मॉड्यूल्स'.

सीईपी हा चाहत्यांनी मिळून केलेला हॅक फाइलींचा मोठा संच आहे. पुष्कळ मॉड्यूल त्याच्यावर उभी आहेत, पण त्याच्या आवृत्त्या अनेक, म्हणून लेखकाने जी सांगितली असेल तीच घ्या.

ओव्हरराइडपासून मात्र सध्या लांब राहा, हे मी कळकळीने सांगतो. हॅक ज्या मॉड्यूलला जोडलेलं असतं त्यालाच लागू होतं. ओव्हरराइड फोल्डरमध्ये टाकलेलं सगळीकडे लागू होतं, मूळ मोहिमेलाही. सुंदर चेहऱ्यांचा एखादा संच म्हणून आज टाकलेली फाइल सहा महिन्यांनी दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये दार उघडू देत नाही आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादं मॉड्यूल विचित्र वागलं तर ते फोल्डर रिकामं करून पाहणं ही पहिली पायरी.

आणखी एक. हे व्हॉल्ट पूर्वी एका मोठ्या गेमिंग साइटकडे होतं. तिथे ते बंद झालं तेव्हा चाहत्यांनी हजारो फाइली वाचवून नव्या जागी उभं केलं. तिथलं सगळं फुकट आहे, रात्री जागून केलेलं आहे. मॉड्यूल खेळून झालं की त्याच्या पानाखाली चार ओळी जरूर लिहा. दहा वर्षांपूर्वीच्या मॉड्यूलचा लेखकसुद्धा कधीकधी उत्तर देतो.

प्रीतिसंगम (कराड)

हरिपूरकरांनी छान सांगितलंय. ईआरएफचं राहिलं, ते मी सांगते. ईआरएफ खेळणाऱ्यांसाठी नसतंच. ते बांधणाऱ्यांसाठी असतं, दुसऱ्याने केलेलं एखादं घर किंवा स्क्रिप्ट (खेळात काय घडावं ते सांगणारा छोटा प्रोग्राम) टूलसेटमध्ये इम्पोर्ट करायला. सईने ते उतरवलं नाही तरी चालेल.

मी स्वतः खेळते कमी, बांधते जास्त. टूलसेट फक्त विंडोजवर चालतं, मॅक किंवा लिनक्सवर खेळ चालतो पण टूलसेट नाही, हे पुढे उपयोगी पडेल. त्यात जागेला एरिया म्हणतात आणि ती दहा मीटरच्या चौकोनी टाइल जोडून होते. एका एरियात जास्तीत जास्त ३२ गुणिले ३२ टाइल. टाइलच्या संचाला टाइलसेट, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेसाठी 'रूरल'. सध्या कृष्णा-कोयनेच्या संगमासारखी जागा करते आहे. दोन प्रवाह समोरासमोर येऊन मिळतात हे टाइलमध्ये बसवताना फार डोकं चालवावं लागतं, पण जमत आलंय.

कधी टूलसेट उघडलंस तर टॅग आणि रेसरेफ यांत गोंधळ होईल. रेसरेफ म्हणजे साच्याच्या फाइलचं नाव, जास्तीत जास्त सोळा अक्षरं. टॅग म्हणजे स्क्रिप्ट ज्या नावाने वस्तूला शोधते ते, आणि एकच टॅग दहा गोब्लिनांना असू शकतो. स्क्रिप्टमध्ये टॅगचं लहान-मोठं इंग्रजी अक्षरही तंतोतंत जुळावं लागतं. हार्टबीट म्हणजे दर सहा सेकंदांनी आपोआप चालणारी स्क्रिप्ट. ती शेकडो वस्तूंवर लावली की खेळ रेंगाळतो, म्हणून शक्य तिथे दुसरी घटना वापरायची, उदाहरणार्थ कोणी आत आलं की चालणारी.

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

पीडब्ल्यू म्हणजे पर्सिस्टंट वर्ल्ड. कोणीतरी सर्व्हर कायम चालू ठेवतं, तुमचं पात्र तिथेच जपलं जातं आणि तुम्ही लॉगआउट केलंत तरी जग चालत राहतं. 'अरेलिथ' हे त्यातलं नावाजलेलं. तिथे पात्राच्या तोंडूनच बोलायचं असतं, संवाद इंग्रजीत टाइप करावे लागतात. डीएम म्हणजे डंजन मास्टर, ज्याला खेळ चालू असताना राक्षस आणता येतात, गावकऱ्याच्या तोंडून बोलता येतं. त्यासाठी वेगळा डीएम क्लायंट आहे. चार मित्र आणि एक चांगला डीएम मिळाला तर याच्यासारखं सुख नाही.

प्रीतिसंगम, एक विचारायचं होतं. मॉड्यूलमधले संवाद मराठीत लिहिता येतात का?

प्रीतिसंगम (कराड)

देवनागरी उमटत नाही हो. खेळ जुन्या पद्धतीची अक्षरसंहिता वापरतो, तिच्यात आपली लिपी नाही. मी संवाद मराठीच लिहिते, पण रोमन अक्षरांत. सुरुवातीला वाचायला जड जातं, मग सवय होते. बैलगाडीवाला घाटात भेटतो आणि अस्सल कराडी बोलतो हे ऐकायला मला फार आवडतं, त्यासाठी लिपीची तडजोड मान्य आहे.

यवतेश्वरची_सई (सातारा)

सगळ्यांचे खूप आभार! सीईपीची जुनी आवृत्ती मागितली होती, ती उतरवून हॅक आणि टीएलके जागच्या जागी टाकले आणि मॉड्यूल सुरू झालं. मेज आर्मर टाकून डेलनला पुढे घातलं, तिकडेही आता जीव तगून आहे.

हरिपूरकर दादा, एक शेवटचं. मूळ मोहिमेतली माझी हीच विझार्ड या मॉड्यूलमध्ये नेता येते का? पानावर 'लेव्हल एक ते पाच' असं लिहिलंय.

हरिपूरकर (सांगली)

नेता येते. खेळातून कॅरेक्टर एक्स्पोर्ट केलं की ती 'लोकलव्हॉल्ट' फोल्डरमध्ये डॉट बिक म्हणून जाते आणि नवीन मॉड्यूल सुरू करताना यादीत दिसते. पण ती आता कितव्या लेव्हलला आहे ते बघा. पाचाच्या पुढे गेली असेल तर नेऊ नका, लढाया फुसक्या वाटतील आणि लेखकाने जिथे घाम फोडायचं ठरवलंय तिथे तुम्ही चालत पार व्हाल. नवीनच करा, आणि या वेळी क्लेरिक घेऊन बघा. चिलखत घालता येतं, जखमा भरता येतात आणि एकट्याने खेळायला विझार्डपेक्षा सोपी जाते. मॉड्यूलसोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलीत रेस्टबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचा, काही मॉड्यूलमध्ये ठरावीक जागीच झोपता येतं.