नवीन ड्रीम पॉप / इलेक्ट्रॉनिक अल्बम आलेले तुम्हाला कळतात कुठून? मदत हवी आहे

मंडळी, मी फोंड्याचा, नोकरी वेर्ण्याला. रोजचे दोनेक तास कंपनीच्या बसमध्ये जातात आणि तेवढा वेळ कानात हेडफोन असतात. तीन-चार वर्षांपासून ड्रीम पॉपचं वेड लागलंय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, गिटारवर भरपूर रिव्हर्ब (म्हणजे घुमणारा आवाज), मागे सिंथेसायझरचे थर आणि गाणाऱ्याचा आवाज धुक्यातून आल्यासारखा. जुलैत बोरीच्या पुलावर पाऊस लागलेला असताना हे ऐकून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

सुरुवात कॉक्टो ट्विन्स या बँडपासून झाली, त्यांचा १९८४ चा ट्रेझर अल्बम. एकदा घरी स्पीकरवर लावलेला, आई विळीवर नारळ खवत होती, म्हणाली ही कुठली भाषा रे? म्हटलं भाषा अशी नाही, त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर बरेचसे शब्द नुसत्या आवाजासाठीच गाते. आई गाणं शिकलेली, लगेच म्हणाली म्हणजे आपल्या तराण्यासारखं, आणि हातातली कवड तशीच धरून गाणं संपेपर्यंत ऐकत बसली. मला तेव्हा इतकं बरं वाटलं, सांगता येत नाही.

तर अडचण अशी की जुनं सगळं सापडतं, नवीन सापडत नाही. स्लोडाइव्ह हा बँड माझा जीव की प्राण, १९९५ नंतर थेट २०१७ ला अल्बम काढला त्यांनी, बावीस वर्षांनी! आणि पुढचा २०२३ च्या सप्टेंबरात आला तो मला कळला दीड वर्षाने, तोही एका मित्राच्या गाडीत. ज्या ॲपला दर महिन्याला पैसे भरतो ते मला बीच हाउसची तीच चार गाणी फिरवून फिरवून ऐकवतं, नवीन म्हणून जे देतं त्यात अर्धे जुन्याच गाण्यांचे स्पीड वाढवलेले प्रकार.

बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपले अल्बम थेट विकतात त्या साइटवर, शोधून बघितलंय. तिथे टॅग लावून नवीन आलेलं वर काढता येतं, आणि ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडतात तेव्हा मी एखादा अल्बम विकतही घेतो, पण ड्रीम पॉप टॅग लावला की इतका ढीग येतो की चांगलं निवडायचं कसं हेच कळत नाही. तुम्ही लेबल, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपन्या, फॉलो करता का? फोर एडी मला माहीत आहे, त्याच्यासारखी लहान पण भरवशाची लेबलं कुठली? आणि केईएक्सपी, एनटीएस यांसारखे रेडिओ ऐकत असाल तर कुठला शो, तेवढं नक्की सांगा, सगळं ऐकायला वेळ पुरत नाही.

इथे कोणाला विचारावं तर म्हणतात गोव्यात राहून म्युझिक शोधतोस? अहो पण हणजूण-वागातोरला जे वाजतं ते ट्रान्स आणि टेक्नो, त्याबद्दल आदर आहेच, गोवा ट्रान्स हे नावच आपल्या गावावरून पडलंय, पण मला हवंय ते संथ, रात्री दिवा घालवून ऐकायचं. भारतातलं कोणी असेल तर फारच छान. कोलकात्याचे पारेख अँड सिंग ऐकलेत, खूप आवडले, त्यांच्या वाटेवरचं आणखी कोण?

गेल्या वर्षभरातलं एकच नाव सांगितलंत तरी चालेल, फक्त स्वतः पूर्ण ऐकलेलं सांगा. शुक्रवारी परतीच्या बसमध्ये ऐकतो आणि कसं वाटलं ते इथेच लिहितो.