ऑफिसात आधी विश्वास हवा की आधी नियम?

विरारची_खिडकी
लोअर परळला अकाउंट्समध्ये आहे, अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्याकडच्या नव्या मुलीकडून एका व्हेंडरचं बिल दोनदा पास झालं. तिच्या लक्षात त्याच संध्याकाळी आलं, पण सांगितलं पाचव्या दिवशी, स्टेटमेंट जुळेना तेव्हा. कँटीनमध्ये नेऊन विचारलं, "अगं, लगेच का नाही बोललीस?" चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी सरांनी सगळ्यांसमोर झापलं होतं ना." चार दिवस ती नीट जेवलीही नव्हती.

मी नवीन असताना आमचे साहेब सांगायचे, "चूक झाली की आधी माझ्याकडे ये, फाइल नंतर." म्हणून आम्ही धावत जायचो. विश्वास आधी वरच्यानंच टाकायचा असतो, असं माझं ठाम मत आहे. आता काय, थंब मशीन, फेस मशीन, दहा मिनिटं उशीर की हाफ डे. पावसात गाडी नालासोपाऱ्याला अडकली तर फोटो पाठवा. अशा ठिकाणी माणूस आनंदानं काम कसं करेल?

गिरणगावकर
ताई, त्या मुलीचं वाईट वाटलं. पण मला थंब मशीन बरं वाटतं. आजोबा कापड गिरणीत बदलीवर होते, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, आत कोणाला घ्यायचं ते जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवणार. त्याच्या 'विश्वासातले' आत, बाकीचे घरी. वर त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यायची ती वेगळीच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्यांना कायम करा हीसुद्धा मागणी होती. लोकांना कागद हवा होता, साहेबाची मर्जी नको होती. मशीनला कोणाचा भाचा कळत नाही.

चर्नीरोड_स्लो
दोन्ही एकत्र चालतं की! डबेवाले बघा, १८९० पासून. गटातली कमाई सारखी वाटून घेतात. आणि टोपी नसेल तर दंड. पण तो दंड आपल्याच माणसांनी ठरवलेला, म्हणून तो लागत नाही मनाला.

हिशेबनीस
डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडचे. नात्यागोत्यातले, गावातले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा दोन वर्षांत नोकरी बदलतो, तिथे ही ओळख कुठून आणणार? आणि ताई, सिस्टीमला डुप्लिकेट बिल नंबरचा चेक नव्हता का? तो असता तर विश्वासाचा प्रश्नच आला नसता.

विरारची_खिडकी
गिरणगावकर दादा, जॉबरचं पटलं. आमच्याकडेही लेट मार्क लिहिलेला आहे, पण केबिनवाल्यांना लागत नाही, खरी चीड त्याचीच आहे. मशीन ठेवा, पण सगळ्यांना ठेवा.

हिशेबनीस, चेक होता. व्हेंडरनं दुसऱ्यांदा पाठवताना बिल नंबरमध्ये एक तिरकी रेघ जास्त टाकली, सिस्टीमला ते नवं बिल वाटलं. ते ओळखलं त्या मुलीनं, संध्याकाळी बॅग भरताना. पेमेंट दुसऱ्या दिवशी सकाळच्या लॉटमध्ये जायचं होतं. रात्री तिनं एक फोन केला असता तर ते थांबलं असतं.